विरुद्ध कोण, असं विचारून थांबलात

आबा, ओळखलंत का? कसलं ओळखताय! चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारे तुम्ही. वर जाऊन इतकी वर्षं झाली, आपल्याला लेकी किती होत्या हेसुद्धा विसरला असाल. मी थोरली. हे अक्षर माझं नाही, मला ते अजून येत नाही. माझी नात लिहितेय, सिंगापुरात, बुकित बातोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून. रविवारच्या मराठी वर्गात शिकलीय, तेव्हा चुका तिच्या आणि शहाणपण माझं.

रशियात आपल्या वकिलातीतल्या साहेबांचे तुम्ही आचारी. साहेबांचं पोट नाजूक, म्हणून ते तिथल्या संसदेची सभा बघायला गेले की मागच्या बाकावर मऊ भाताचा डबा मांडीवर घेऊन तुम्ही. दुभाषा साहेबांच्या कानात पुटपुटायचा, ते तुम्हीही ऐकायचात. रजेवर आलात की चुलीपुढे बसून सांगताय, मी भाकऱ्या थापतेय, अजून दिसतं मला. हजारावर माणसं, त्यात गाई पिळणाऱ्या बायासुद्धा, छातीवर बिल्ले लावून. सभा वर्षातून दोनदा, तीही चार दिवस. पक्ष एकच, आणि मत द्यायच्या चिठ्ठीवर नावही एकच. कायदे पक्षाच्या वरच्या मंडळींनी आधीच ठरवलेले. कित्येक हुकूम तर निघून लागूही झालेले. सभेनं फक्त हात वर करायचे. बाजूनं कोण, म्हटलं की हातांचं रान उभं. "विरुद्ध कोण? कोणी नाही. तटस्थ? कोणी नाही. एकमतानं मंजूर!" सगळं एका श्वासात. "अगं, विचारतात," तुम्ही म्हणायचात, "पण थांबत नाहीत." मग आवाज खाली आणून, "मधल्या सुट्टीत त्या मेंबरांना संत्री मिळतात. बाहेर बाजारात औषधालाही नाहीत."

त्या खेपेला ट्रंकेतून काळा, आंबट पाव आणला होतात, वाळून खडखडीत झालेला. आम्हा भावंडांना तुकडे वाटलेत आणि सभा भरवलीत. आवडला कोणाला? सगळे हात वर. विरुद्ध कोण? कोणी नाही. "एकमतानं मंजूर!" म्हणून किती हसलात.

त्याच आठवड्यात माझं लग्न ठरत होतं. बिजवर, माझ्या दुप्पट वयाचा, पण आंब्याची बाग मोठी. आजी, आई, काका, सगळ्यांचे हात वर. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "विरुद्ध कोण?" आणि थांबलात. आजी ओरडली, "पोरीला काय विचारतोस? जनरीत सोडलीस का रे तिकडे जाऊन?" तुम्ही गप्प. तव्यावरची भाकरी करपली तरी गप्प. शेवटी पिठाचा हात वर केला मी. तेवढंच म्हणालात, "नोंदला." ते लग्न मोडलं. पुढे बोटीवर काम करणारा मिळाला, भांडकुदळ पण माझ्या पसंतीचा. माझा सगळा संसार त्या तुमच्या थांबण्यावर उभा आहे, आबा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आज का सांगतेय, तर गेल्या रविवारी आमच्याकडेही सभा भरली. ही नात बापासारखी बोटीवर इंजिनिअर व्हायचं म्हणते. बाप म्हणतो, बोटीवर मी झिजलो तेवढं पुरे, तू बुओना व्हिस्टाला एसी ऑफिसात बस. सून त्याच्या बाजूनं. मुलगा म्हणाला, "आई, तुझंही तेच ना?" आणि मी हात वर केला. लिही गं, थांबलीस का? मी तुझ्याविरुद्ध हात वर केला. ही समुद्रावर गेली तर माझी औषधाची चिठ्ठी कोण वाचणार, आणि हे असलं कोण लिहिणार? पोरगी खाली मान घालून बसलेली. मुलगा उठायला लागला, ठरलं म्हणून. तेव्हा मला करपलेल्या भाकरीचा वास आला, खरंच आला. म्हटलं, "बस खाली. विरुद्ध कोण?" आणि थांबले. सून म्हणाली, "आई, अहो, झालं ना आता." मी गप्प. पंखा फिरतोय, खाली कोणीतरी बॉल आपटतंय. मग हिचा हात वर आला, आणि इथल्या पोरांचं ते lah शेवटी लावून म्हणाली, "मी against आहे, आजी. Against, lah!" मी माझा हात खाली घेतला आणि म्हटलं, "नोंदला." मुलानं खुर्ची परत पुढे ओढली. मग हिला म्हणाला, "फॉर्म आण, बघू दे." बघू दे म्हणालाय, हो म्हणाला नाही अजून. पण तो थांबला, आबा.

हे पत्र टाकायचं कुठे? कणकेच्या डब्याखाली राहील. एक मात्र कबूल करते. तो काळा पाव मला मुळीच आवडला नव्हता. हात वर केला आणि तुकडा शेळीला घातला. तिनंही वास घेऊन सोडला. तेव्हा काही पाठवायचंच झालं तर संत्री नकोत, ती इथे खाली ढिगानं मिळतात. तो पाव पाठवा. या वेळी खाऊन खरं सांगेन.