शोभानं वाचलेलं पहिलं पान

नांदुरा, मंगळवार, संध्याकाळ

देणगीदारांना पाठवायची पत्रकं आज छापून आली. घड्या घालायला मी शोभाला बसवलं. इथंच चुकले. दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये राबून ती दोन वर्षं आपल्या बायकांच्या वर्गाला येते, अक्षरं गिरवते. ती नुसत्या घड्या घालेल, असं मला का वाटलं?

थोड्या वेळानं बघते तर तिचं बोट ओळीखालून सरकत होतं. असं बोट ठेवून वाचायला मीच शिकवलं.

पत्रकात तिचीच कहाणी होती. नाव बदललं होतं मी. पण नवऱ्यानं तव्यावर दाबून धरलेला हात? तो कसा बदलणार? गेल्या वर्षी नुसतं वर्गाच्या कामाबद्दल लिहिलं, तर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. वर्ग बंद पडायची पाळी आली. म्हणून लिहिलं. तिला मात्र विचारलं नाही. पत्रक शहरातल्या लोकांसाठी होतं ना!

बोट तव्यापाशी थांबलं. मग शेवटच्या ओळीपर्यंत गेलं.

"ताई, हे मी तुमाले एकटीलेच सांगतलं होतं."

"शोभा, वर्ग चालवाचा तर..."

"हाव," ती मान हलवून म्हणाली. उरलेल्या सगळ्या घड्या तिनं नीट घातल्या आणि हात पदराखाली घेऊन निघून गेली.

कुणाच्या मदतीशिवाय अख्खं वाचलेलं तिचं हे पहिलंच पान. दुसरं कुठलं असतं, तर मी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या असत्या.