कार्पेटवरचे व्याही

पिंपळवंडी
६ जुलै २००३

श्री. रा. रा. रामनाथराव यांस संपतचा रामराम, वि. वि.

इकडं सारं ठीक. टोमॅटोची तोडणी चालू आहे, त्यामुळं अंगणात पाय ठेवायला जागा न्हाई. सूनबाईला पाचवा लागला हे तुमच्या कानावर आलंच असेल. आमच्या साळुबाईनं आत्तापासून दुपटी शिवायला घेतलीत.

पत्र लिहायचं कारण मात्र वेगळं आहे, आणि या वयात ते लिहायला जरा लाज वाटते. आमचा भरत जपानला ट्रेनिंगला गेला तेव्हा दोन्ही घरांना सारखीच भेट पाहिजे म्हणून त्यानं रिमोटवर पळणाऱ्या दोन मोटारी आणल्या, एक तुम्हाला आणि एक मला. धोतरजोडी आणली असती तरी चाललं असतं. पण आणलीय म्हणून चालवून बघितली. खळ्यात चालवली तर चाकं फिरवणाऱ्या पट्ट्यात माती गेली. ओसरीवर चालवली तर फरशीवरून घसरत थेट पाण्याच्या हंड्यावर. भरत म्हणतो, ही गाडी गालिच्यावर पळवायची असते, आणि तुमची म्हणे लई झकास पळते. हे खरं का? असेल तर कसं, तेवढं कळवा. फोनवर आपण दोघंही मोठ्यानं बोलतो, म्हणून पत्र.

व्याह्यांवर लोभ ठेवावा, हसू मात्र नये.

तुमचा
संपत


कळंब
१४ जुलै २००३

श्री. संपतराव यांना रामनाथचा सप्रेम रामराम.

तुमचं पत्र वाचून मी हसलो नाही. आमची लंकाबाई हसली, तिच्यापुढे माझं काही चालत नाही म्हणून तिला माफ करा.

खरं आहे ते. आमचा धंदा मंडपाचा. आता चातुर्मासात लग्नं नाहीत, तेव्हा सगळी कार्पेटं गोडाऊनमध्ये गुंडाळून पडलेली. त्यातलं हिरवं, नवरा-नवरी बसतात तिथलं, गोडाऊनभर अंथरलं आणि कडेनं बांबू लावून रस्ता केला. राव, काय पळते गाडी. फोमची चाकं कार्पेटला अशी धरतात की वळणावर घसरण्याचं नाव नाही. उलट जास्त धरतात आणि गाडी कोलांटी खाते. मग मी स्प्रिंगा कडक केल्या, गाडी जमिनीलगत आणली, चाकांचे वरचे काठ जरासे आत झुकवले. तरी दहा फेऱ्यांत एकदा पालथी पडतेच. लंकाबाई म्हणते, लग्न ठरवताना मुलाकडची जेवढी चौकशी केली नव्हती, तेवढी या चाकांची करता.

तुम्ही गाडी घेऊन याच. लग्नानंतर तुम्ही आमच्याकडे आलात ते दोनदाच, तेही उभ्या उभ्या. सेल चार्ज करून आणा, आमच्याकडे दुपारी लाईट नसते.

येण्याची वाट पाहतो आहे. स्नेह आहेच, आता जरा चुरसही असू द्या.

आपला
रामनाथ


पिंपळवंडी
३ ऑगस्ट २००३

रामनाथरावांस संपतचा रामराम.

परवा तुमच्याकडच्या शर्यतीनंतर मी न जेवता निघालो याचं तुम्हाला वाईट वाटलं असं भरतकडून कळलं. मलाही काही बरं वाटलं न्हाई. पण मनात ठेवण्यापेक्षा लिहितो.

मी पुढं होतो. खांबाजवळच्या वळणावर तुमची गाडी आडवी आली, माझी तिच्यावर आदळली आणि तिचा चाक धरणारा पुढचा हात मोडला. त्यावर तुम्ही म्हणालात की पिंपळवंडीकरांना ब्रेक ठाऊक नसतो. तुमच्या मंडपातली पोरं हसली. गाडीचं मरू द्या, पोरांसमोर तुम्ही मला हसायला नको होतं.

तेव्हा सांगून ठेवतो. पहिलं बाळंतपण माहेरी, तो तुमचा मान. पण बारसं पिंपळवंडीला होईल. सव्वा महिना थांबू, हरकत न्हाई. कळंबला बारसं ठेवलंत तर साळुबाई येईल, मी येणार न्हाई.

बाकी लोभ आहे तेवढा राहू द्या.

संपत


कळंब
९ ऑगस्ट २००३

श्री. संपतराव यांस रामराम.

माझी गाडी आडवी आली नव्हती, पालथी पडली होती. चारी चाकं वर करून पडलेली गाडी कुणाला आडवी जाते हे मला साठ वर्षांत कळलेलं नाही. ब्रेकचं बोललो ते चेष्टेनं बोललो. व्याह्यांची चेष्टा करायची नाही तर कुणाची करायची?

बारशाचं मात्र चेष्टेत घेऊ नका. ओली बाळंतीण असलेली पोरगी मी सव्वा महिन्यात एसटीच्या धक्क्यांत घालणार नाही. पाळणा कळंबलाच हलेल. त्या दिवशी तुमची खुर्ची रिकामी ठेवीन, दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही.

राग धरा, पण फार दिवस धरू नका.

रामनाथ


चिंचवड
२० ऑगस्ट २००३

ती. दादा आणि ती. मामा यांना अश्विनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हा दोघांना मिळून आहे. एक कळंबला टाकते आणि झेरॉक्स पिंपळवंडीला, म्हणजे कुणाला आधी लिहिलं यावरून नवीन भांडण नको.

फोन केला की दादा मंडपाचं सांगतात, मामा टोमॅटोचं. एकमेकांचं नाव निघालं की रेंज जाते. दोन्ही आयांनी मला सगळं सांगितलंय. ह्यांनी तर कपाळाला हात लावला, धोतरजोडीच आणायला हवी होती म्हणाले. मला आधी हसू आलं, मग रात्रभर झोप लागली नाही. ज्या बाळाचं अजून नाव नाही, त्याच्या पाळण्यावरून त्याचे दोन आजे बोलेनासे झालेत. मी त्याला काय सांगू?

दादा, तुम्ही हसलात ते चुकलंच. मामा, तुम्ही ताटावरून उठलात तेही चुकलं. आता जे खेळात मोडलं ते खेळातच जुळवा. ह्यांनी मामांच्या गाडीचा नवीन हात मागवलाय. तो आला की पुन्हा शर्यत लावा. पाच मिनिटांत ज्याचे फेरे जास्त, त्यानं बारशाची जागा ठरवायची. दोघांनी आपापल्या खुर्चीवर बसूनच चालवायचं, उठायचं नाही. पालथी गाडी सरळ करायला एकीकडे आई, दुसरीकडे आत्याबाई. घड्याळही आत्याबाईंकडे. पोरंसोरं नकोत.

कोण जिंकलं ते मला लगेच कळवा. तोपर्यंत मी कुणाचाच फोन घेणार नाही.

तुमच्या दोघांच्याही आशीर्वादाची अपेक्षा आहे, अर्धा-अर्धा नको.

तुमची
अश्विनी


पिंपळवंडी
१५ सप्टेंबर २००३

चि. सौ. अश्विनीस मामांचे अनेक आशीर्वाद.

काल शर्यत झाली. कळवायला सांगितलंस म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

गेल्या गेल्या तुझ्या वडलांनी मला पोरांसमोर हसल्याबद्दल एक शब्द काढला न्हाई. माझी गाडी उचलून चाकं बघितली आणि म्हणाले, पुढच्या चाकांच्या बाहेरच्या काठाला चपला चिकटवायचा झटपट गोंद फिरवा. काठ गुळगुळीत झाला की कार्पेटला जास्त धरत न्हाई आणि गाडी पालथी पडत न्हाई. त्यांनी तो स्वतः शोधून काढला होता आणि गोंदाची नळीही माझ्याच हातात दिली. मी विचारलं की शर्यतीआधी का सांगता. ते म्हणाले, पालथ्या गाडीशी काय जिंकायचं.

मग सुरू झालं. दोघं बरोबरीनं पळत होतो. तेवढ्यात तुझ्या वडलांच्याच गाडीनं लांबच्या कोपऱ्यात कोलांटी खाल्ली. घाईत त्यांचा एका चाकाला गोंद लावायचाच राहिला होता. तो कोपरा तुझ्या आईचा. पण तुझी सासू आपला कोपरा सोडून तिच्याशेजारी जाऊन बसली होती, आणि दोघींचं बाळंतविड्यावर बोलणं रंगलं होतं. वडलांनी हाक मारली. तुझ्या आईनं मान वर न करता हातानं थांबा म्हणून खुणावलं. पुन्हा हाक मारली, पुन्हा हात. तुझा नियम, त्यांना उठता येईना.

मी चालवत राहिलो. एक फेरा, दोन फेरे, किती झाले देव जाणे. एवढ्या मोठ्या हिरव्या कार्पेटवर माझी एकटीच गाडी भुणभुणत होती, आणि शेजारी तुझे वडील रिमोट मांडीवर घेऊन बसले होते. मला ते बघवेना. मी गाडी त्यांच्या गाडीजवळ नेऊन उभी केली. ते म्हणाले, चालवा की. मी म्हटलं, कुणाबरोबर चालवू?

दोघांनी रिमोट खाली ठेवले. अखेर साळुबाईला घड्याळाचं विचारलं, तर तिनं ते बघितलंच नव्हतं. फेरे कुणीच मोजले न्हाईत. तेव्हा कोण जिंकलं ते मी तुला सांगू शकत न्हाई.

जागा मात्र ठरली. दोघींनी गाड्या पळत असतानाच ठरवली होती, आम्हाला जेवताना सांगितली. बारसं कळंबला, बाराव्या दिवशी. बाळंतिणीला हलवायचं न्हाई. मी दोन वेळा आमटी मागून घेतली आणि हो म्हणालो.

तब्येतीला जप, जड उचलू नको. बारशाला मोटार आणायची न्हाई असं तुझ्या सासूनं मला बजावलंय, मी तिला शब्द दिला. माझी मोटार मी कळंबलाच ठेवून आलोय.

तुझे
मामा