तोंडावरचा वळ

कराड, चैत्र, १९४७
दिवेलागण

आधी विहिरीचं लिहिते.

दादा आरमारातून रजेवर आलाय. कुठल्याशा चिमुकल्या बेटावर समुद्रात बुड्या मारताना तो लावायचा ती काच त्यानं आणलीय. रबरी कडेची, डोळ्यांवर-नाकावर घट्ट बसणारी. म्हणतो, तिथं तळाशी रंगीत मासे कळपानं फिरतात. मला खोटंच वाटायचं. आज दुपारी ती लावून आमच्या विहिरीत बुडी मारली आणि... देवा! लहानपणी पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधून इथंच पोहायला शिकले, पण पाण्याखाली डोळे कायम मिटलेले. आज पार खालपर्यंत उतरलेल्या पायऱ्या दिसल्या. उन्हाच्या तिरिपा. एक कासव!

वर आले तर आईनं कपाळावर हात मारला. तोंडावर काचेचा लालभडक गोल वळ, आणि पाटणचे पाहुणे मला बघायला यायच्या वाटेवर! पावडर थापली, तरी वळ दिसायचाच.

मुलाच्या वडिलांनी विचारलंच, "पोरी, तोंडाला काय झालं गं?"

"गांधीलमाशी चावली," आई घाईनं म्हणाली.

"येवढी गोल?"

मग मी खरं ते सांगून टाकलं, कासवासकट. दादाची मान खाली.

मुलाचा म्हातारा बाप दादाला म्हणाला, "रुखवतात भांडी न्हाई दिली तरी चालंल. ती काच तेवढी द्या. आमच्या हिरीचा तळ आजून कुनी बघितला न्हाई."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "देऊ की. पन पयली बुडी माजी."

मुलगा तेव्हा पहिल्यांदा हसला.

आरशात बघितलं. वळ अजून आहे. राहू दे.