तात्यांच्या उंचीचं टेबल

१० फेब्रु.
आळेफाट्याच्या वखारीतून पाइन आणलं. सगळ्यात स्वस्त आणि ओलं गच्च. तात्या खाटेवरूनच म्हणाले, "ह्ये लाकूड न्हाई, काकडी हाय." म्हणू देत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खाली बसायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. आणि वडील माझे जन्मभर जमिनीवर बसून, फळी पायात धरून रंदा मारणारे. उभ्यानं काम करणारा त्यांच्या लेखी सुतारच नाही. चार महिने हत्याराला हात नाही. नुसते छताकडे बघत पडतात, मला बघवत नाही. म्हणून उभ्यानं काम करायचं टेबल. मीच करणार. घोडेगावला कचेरीत कारकून असले तरी पोर सुताराची आहे.

१२ फेब्रु.
शेजारच्या बबनभाऊंची कांदा साठवायची बराख रिकामी. चारी बाजूंनी वारा, लाकूड सुकवायला याहून चांगली जागा नाही. फळ्या रचल्या, हवा खेळावी म्हणून मधे लाकडी चिपा घालून. नवा कांदा येईपर्यंत बराख माझी.

२१ फेब्रु.
घोटाळा. ब.भाऊंनी काळजीपोटी फळ्यांवर उसाचं पाचट दाबून अंथरलं, कांद्याच्या ढिगावर घालतात तसं. आत सगळं दमट. दोन फळ्या बुरशीनं काळ्या. मी लई चिडले. मग त्यांचं तोंड एवढंसं झालेलं पाहून मीच चहा केला. काळं वरवरचंच आहे, रंद्यानं जाईल.

८ मार्च
सुट्टी. पाय केले. पाय अजून ओल्याच असलेल्या पाइनचे, आडव्या पट्ट्या जुन्या वाळक्या बाभळीच्या. पाय वाळतील तसे भोकात ठोकलेल्या पट्टीला आवळत जातील. तात्या बाज अशीच ठोकायचे, लहानपणी पाहिलंय. आज न विचारता म्हणाले, पट्ट्या अजून दोन दिवस उन्हात टाक. ऐकलं.

२९ मार्च
वरच्या फळ्या बसल्या. मी आणि ब.भाऊ दोघांनी ढकललं, जागचं हललं नाही. झकास! उंची तात्यांच्या मनगटाएवढी, ते झोपलेले असताना दोरीनं माप घेतलं होतं. तात्या काठी टेकत आले, लांबून पाहिलं, परत गेले. रडूच आलं. टेबल चांगलं झालंय, हे मला माहीत आहे, तरी.

१९ एप्रिल
फळ्या आकसल्या, मधे बोटभर फट. एक कड वर उचललीय. असं होणार हे धरूनच चालले होते. सकाळी कड उतरवायला रंदा घेतला तर मागून तात्यांनी मनगट धरलं.
"आत्ता नगं. आत अजून वल हाय, पुन्हा वाकडं व्हईल. दिवाळीपतुर वाळू दे."
"आणि मग?"
फटीत बोट घालून पाहत राहिले. दुसरा हात टेबलावर, सगळा भार त्या हातावर.
"मग मी मारतो रंदा."
दिवाळी लांब आहे. उभ्यानं मारणार का, ते विचारलं नाही.