नऊ दिवसांचं मीठ

प्रिय धाकटे,

तुझा अहवाल वाचला. भाषा निर्दोष, एक मात्रा चुकलेली नाही. चुकलंय ते फक्त खरं. ‘खाद्याला बुरशी, म्हणून मासे दगावले.’ आणि तेवढ्यावर खाद्यवाल्या काकूंना घरी बसवलंस. अकरा वर्षं त्या हौदांवर उभ्या आहेत. माशाने नुसती पाठ फिरवली तरी त्याचं काय बिनसलंय ते सांगतील.

संस्कृत शिकून पाणी तपासणारा दादा म्हणून तू मला हसतेस. हस. पण मॅनेजरबाईंना आज थोडं शिकवतोच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सारखं शिरत असतं. तो ते लघवीवाटे टाकतो आणि कल्ल्यांनी मीठ ओढून घेतो. खाऱ्या पाण्यात सगळं उलटं. अंगातलं पाणी निघून जातं, म्हणून तो खारंच पितो आणि जास्तीचं मीठ त्याच कल्ल्यांनी बाहेर फेकतो. त्यासाठी कल्ल्यांत नव्या पेशी घडाव्या लागतात. बदलीच्या गावी बिऱ्हाड लावायला तुला महिना लागला होता, कुकर सापडेना म्हणून फोनवर रडली होतीस. आपल्या गोड्या पाण्यातल्या माशांना खाऱ्याची सवय व्हायला आपण नऊ दिवस देणार होतो. तू दीड दिवसात सगळं खारं पाणी सोडलंस, कारण पाहणीला पाहुणे शनिवारी येणार होते.

पहिल्या संध्याकाळी मासे पोहत होते. म्हणालीस, “बघ दादा, काही झालं का?” आमचे गुरुजी याला तितिक्षा म्हणत: कुरकुर न करता सोसणं. सोसणाऱ्याला काही होत नाही, असं मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकू तुझ्या केबिनच्या दाराशी आल्या. “ताई, मासे दाण्याला तोंड लावत नाहीत. पाणी थांबवा.” तू मान वर न करता म्हणालीस, “काकू, तुम्ही दाणा टाका, पाण्याचं आम्ही बघतो.” तिसऱ्या दिवशी चार हौदांत मासे पोट वर करून तरंगत होते. बुरशी लागली ती त्यानंतर, न खाल्लेल्या दाण्याला. हे तुलाही ठाऊक आहे.

आणि तुझा अहवाल उभा कशावर आहे? माझ्या तक्त्यावर. “नऊ दिवसांचे खारेपणाचे आकडे आधीच भरून ठेव, तसंच तर करणार आहोत,” म्हणालीस, आणि मी न मोजता भरले, खाली सही ठोकली. तुझ्यापुढे आमची सगळी विद्या अशी गुंडाळून ठेवलेली. आज सकाळी मालकांना मापकात साठलेले खरे आकडे दिले, आणि ती सही खोटी होती हेही लिहून दिलं. माझी नोकरी बहुधा जाईल. तुझं काय, ते उद्या अकराच्या बैठकीत ठरेल. तिथे हे पहिल्यांदा कानावर पडू नये म्हणून लिहितोय. काकूंना मी बोलावलंय. तू बोलायला उठशील तेव्हा मालकांकडे नको, त्यांच्याकडे बघून बोल.

रागावलेला, तरी तुझाच,
दादा