बकरीने मुलाखत खाल्ली तो दिवस

३ मार्च, सकाळ.
संकल्प : या महिन्यात बकरीची गोष्ट कुणालाही सांगायची नाही. कुणी फारच गळ घातली तर गोष्ट वेगळी.

दुपार.
सांगितली. न्याहारीलाच. शेजारच्या खोलीतल्या एन्टविसलने मीठ मागितलं, त्यावरून विषय निघाला. तो म्हणाला, रॉडनी, लेका, पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा ते करडू होतं, आता घोड्याएवढी झालीय, नाताळपर्यंत सोंड फुटेल तिला. या माणसाने जन्मभर बस चालवली. त्याच्याकडून कलेची काय कदर होणार! तरी वृद्धनिवासातल्या सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. (दार माझ्या खुर्चीमागे आहे.)

५ मार्च.
औषधाच्या दुकानात एक बाई टक लावून बघत होत्या. मी नेहमीप्रमाणे चेहऱ्याची डावी बाजू पुढे केली. म्हणाल्या, तुम्ही टीव्हीवरचे ना? म्हटलं, होय. म्हणाल्या, अगंबाई, हवामानवाले! आमच्या लग्नात तुम्ही ऊन सांगितलं होतंत आणि तंबू वाहून गेला. त्यांचं मन मोडवेना. हवामानवाल्याच्या नावाने सही दिली, माफीही मागितली.
लोकांचा दोष नाही. त्या काळी टेप महाग, म्हणून कार्यक्रम झाला की त्याच टेपवर दुसरा घ्यायचे. माझ्या 'साडेपाचची भेट' कार्यक्रमाचे तीनशे बारा भाग असेच पुसले गेले. माझ्यावर कुणीतरी कुत्र्यांच्या शर्यती भरल्या. राष्ट्राचं नुकसान, दुसरं काय.

७ मार्च.
देव आहे! फियोना मॅकी नावाच्या बाईंचं पत्र. त्या जुने हरवलेले कार्यक्रम शोधतात. आमचा एक तंत्रज्ञ वारला, त्याच्या गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे एक टेप सापडली. तारीख १४ नोव्हेंबर १९७४. बकरी!! अठ्ठावीस तारखेला इथेच, क्लीथॉर्प्सच्या वाचनालयाच्या सभागृहात दाखवणार आहेत. मी आणि तेव्हाची माझी सहनिवेदिका डोरीन पॅस्को, दोघेही व्यासपीठावर.
एन्टविसलला पत्र दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग म्हणाला, चला, एकदाची बकरीची उंची तरी कळेल.

८ मार्च.
पुढेमागे कुणी ही वही वाचली (वाचतीलच) तर नोंद असावी. थेट प्रक्षेपण. पाहुणे : एक शेतकरी आणि त्याची बक्षीसपात्र बकरी. बकरीने डोरीनच्या हातातली प्रश्नांची कार्डं खाल्ली. डोरीन दगड झाली. तोंडातून शब्द फुटेना. मी पुढे झालो आणि म्हणालो, "मंडळी, मुलाखत देणारे पुष्कळ पाहिले, मुलाखत खाणारी ही पहिलीच!" हशा. पुढची चार मिनिटं मी एकट्याने निभावली.
वाहिनीच्या लंडनच्या बड्या साहेबांनी तो भाग पाहिला नव्हता. मीच जाऊन सांगितला. पुढच्या वर्षी नवा कार्यक्रम मला एकट्याला मिळाला. डोरीनचं काय करायचं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तिच्याविरुद्ध अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणालो की तिला जरा विश्रांती हवी आहे. तिने पुढे स्किप्टनला लोकरीचं दुकान टाकलं. लोकर तिला आवडते.

९ मार्च.
डोरीनला फोन. टेपचं ऐकून आधी हसली. मग म्हणाली, दुसरा एखादा भाग नाही का रे? म्हटलं, बाकीचे कुत्र्यांनी खाल्ले. म्हणाली, टेप खराब झालीय म्हणून सांग ना त्यांना. बिचारी! पंचेचाळीस वर्षं झाली, अजून लाज वाटते तिला.
ठरवलं : व्यासपीठावर तिला जाहीर माफ करायचं.

१२ मार्च.
माफीचं भाषण : चार पानं. उदात्त झालंय. स्वतःला दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा डोळे भरून आले.
ब्लेझर घालून पाहिला. कुणीतरी आटवलाय. उद्यापासून रोज समुद्रावरच्या धक्क्यापर्यंत चालायचं.

१३ मार्च.
चाललो. धक्क्याच्या अलीकडे चिप्सचं दुकान लागतं. वारा फार होता, आत जावंच लागलं.

१६ मार्च.
संताप! फियोनाबाईंचा फोन. डोरीनने त्यांना गाठून विनंती केलीय की पहिली दहा मिनिटंच दाखवा, विणकामाच्या भागापर्यंत, बकरी येण्याआधी थांबवा. मी बजावलं, बाई, इतिहासाला कात्री लागत नसते. पूर्ण दाखवा, नाहीतर मी येणार नाही. त्या म्हणाल्या, मिस्टर हॅलम, मी अजून टेप पाहिलेली नाही, पण मिस पॅस्को अगदी काकुळतीला आल्या होत्या. म्हटलं, साहजिक आहे. तिच्या वतीने मीच सांगतो, पूर्ण दाखवा.
असं लेखी कळवलं. सही ठळक केली.

२१ मार्च.
वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिका मिसेस ऑग्डन यांच्याकडून सगळ्यांसाठी मिनीबस ठरवून घेतली. काहींनी त्या दिवशी पाय दुखणार असल्याचं आधीच सांगितलं. मी म्हटलं, चाकाच्या खुर्च्या आहेत. कुणाला सोडायचं नाही.

२७ मार्च, दुपार.
डोरीन एक दिवस आधीच आली. हातात काठी, केस पांढरेशुभ्र, हसू तेच. चहाला बसलो. तिने चहाबरोबरच्या स्कोन-पावाला हात लावला नाही, म्हणून दोन्ही मी संपवले. म्हणाली, रॉडनी, माझं ऐक, उद्या तू आजारी पड. मी कशीतरी वेळ मारून नेईन. ओळखलं मी! व्यासपीठ एकटीला हवंय बाईसाहेबांना. या वयात!
मग म्हणाली, तुला खरंच आठवत नाही का रे? म्हटलं, अगं, शेतकऱ्याच्या कोटाची बटणंसुद्धा आठवतात.  तिने माझ्या कपात चहा ओतला आणि आपल्या भाच्याविषयी बोलू लागली.
भाषणात एक वाक्य वाढवलं : मत्सरही माफ.

२८ मार्च, संध्याकाळी सात.
कार्यक्रम झाला. सत्तरेक लोक होते. चहा ठीक.

साडेसात.
बकरी लहान होती.
कार्डं माझ्या हातात होती. तिने ती माझ्या हातातून खाल्ली आणि मी उभा राहिलो. नुसता उभा. तोंड उघडं. पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ असतं, त्यात मोजता येतं. एक मिनिट चाळीस सेकंद. मग डोरीन डाव्या बाजूने आली, माझा कोपर धरला आणि म्हणाली, "मंडळी, मुलाखत देणारे पुष्कळ पाहिले," आणि पुढचं. हशा. पुढची चार मिनिटंही तिचीच. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, काय रॉडनी, बरोबर ना? मी मान हलवली. तेवढंच माझं काम.
दिवे लागले. फियोनाबाईंना काय विचारावं कळेना. डोरीनने माइक घेतला आणि म्हणाली, ते सगळं आधीच ठरलं होतं, रॉडनीचीच कल्पना, त्याने पुतळा व्हायचं आणि मी धावून जायचं, एवढा वेळ पापणी न हलवणं सोपं नाही, करून बघा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
भाषण खिशातच राहिलं.
नंतर चहाला सगळे किती चांगले बोलले. ब्लेझर छान दिसत होता म्हणे. हवा बरी पडली म्हणे. बकरीचं नाव कुणी काढलं नाही. एन्टविसल रांगेत उभा राहून माझ्यासाठी केक घेऊन आला, खुर्ची ओढून दिली, आणि एकदाही टोमणा मारला नाही. त्याच्या त्या चांगुलपणाने मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे, काहीतरी बोल की!

२९ मार्च.
टेपमध्ये बिघाड असू शकतो. जुन्या टेप ताणल्या जातात, आवाज इकडचा तिकडे जातो. एखाद्या जाणकाराला विचारायला हवं.

दुपार.
बाईचा आवाज ताणून पुरुषाचा झाला असता. पुरुषाचा ताणून बाईचा होत नाही.
खरोखरच आधी ठरलं असेल. डोरीन म्हणाली तसं. ती कशाला खोटं बोलेल?

३० मार्च.
लंडनला बड्या साहेबांना सांगितलं, तेव्हा मला खरं काय ते माहीत होतं का, हे आठवत नाही.
आठवतं. साहेबांच्या खोलीत शिरताना वाक्य तिचं होतं. बाहेर पडलो तेव्हा माझं झालं होतं. त्यानंतर इतक्यांदा सांगितलं की मलाच पटलं.
आणि तिचं काम गेलं. लोकर तिला आवडते हे मी कुठून काढलं, कोण जाणे. मी कधी विचारलंच नाही.

३१ मार्च, सकाळी अकरा.
डोरीनला फोन करून माफी मागायची. या वेळी खरी. चारच ओळी कागदावर लिहिल्या, मोठ्या अक्षरात. घसा साफ केला. एकदा मोठ्याने वाचून पाहिल्या, नीट जमल्या.

अकरा वीस.
तिने फोन उचलला. हॅलो म्हणाली. कागद हातात होता. अक्षरं दिसत होती. माझ्या तोंडातून शब्द फुटेना.
ती थांबली.  मग म्हणाली, रॉडनी, तूच आहेस ना? राहू दे, बोलू नकोस. मी बोलते.
आणि बोलली.