रेडिओसमोरचा पाट

८ जानेवारी, नांदेड
शिरूर अनंतपाळची सुनीता आली. झेडपीच्या शाळेत बाई आहे. वडिलांचा वॉल्व्हचा रेडिओ गोधडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन! आत पेन्सिलीनं माझी सही, तीसेक वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीची. खूश झालो. ती म्हणाली, “काका, इथं तुम्ही साधा कपॅसिटर टाकलाय. सेफ्टीचा पाहिजे. सेफ्टीचा गेला तर नुसता तुटतो. साधा गेला की करंट रेडिओच्या आतल्या पत्र्यावर.”
उखडलो. म्हटलं, आम्ही काय इतकी वर्षं गवऱ्या थापल्या? तिनं पत्र्याला टेस्टर लावला. भक्कन पेटला.


९ जाने.
काल तिनं माझ्याच टेबलाशी बसून कपॅसिटर बदलला. सोल्डरचा डाग कसा, जोंधळ्याच्या दाण्याएवढा, चकचकीत. मला या वयातही जमत नाही. कुठं शिकलीस? “बिघडवून बिघडवून.” लई गुणाची पोरगी. जाताना सेफ्टीचे दोन ठेवून गेली. “लागतील तुम्हाला.” टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.
आज जेवताना आठवलं. अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा रेडिओ! तोही मीच दुरुस्त केलेला, त्याच डब्यातला कपॅसिटर. बटण कधीच हरवलं, उघडा लोखंडी दांडा फिरवते. “मुंग्या येतात रे” म्हणायची. मीच सांगितलं होतं, लाकडी पाटावर उभी राहत जा. ताट बाजूला सारलं. लगेच फोन लावला, प्लग काढ म्हटलं.
“कशाला? चांगला चालून राहिला. पाट हाय की.”

१० जाने., अक्काचं गाव (किनवटजवळ)
सकाळच्या गाडीनं आलो. कपॅसिटर फुगलेला, मेण गळालेलं. बदलला, अर्थिंगही जोडली. डाग सुनीतासारखा नाही, पण पक्का. एक कपॅसिटर उरलाय. माझ्या सहीचे रेडिओ किती घरांत असतील…
अक्काला सगळं सांगितलं. चूक माझी, तुझ्या जिवावर बेतलं असतं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, “तू म्हणलास पाट घे, म्या घेतला. तू चुकशील असं मनातबी आलं न्हाई.”
रडूच आलं. इतकी वर्षं ही बाई माझ्या शब्दावर उभी होती.
प्लग लावला, चप्पल काढली, फरशीवर उभं राहून आधी मी दांडा धरला. काही नाही. म्हटलं, ये आता.
अक्का पाट घेऊनच आली. माझ्याकडं पाहिलं. एक पाय खाली ठेवला, दुसरा पाटावरच, आणि रेडिओ लावला. बाजारभाव चालू होते.